ईएल३४ सिंगल-एंडेड अ‍ॅम्प्लिफायर: आउटपुट ट्रान्सफॉर्मर काटकोनात बसवूनही एकाच चॅनेलला घुणघुण का राहते?

नौपाड्याचा श्रोता

नमस्कार.

गेल्या दिवाळीपासून मी घरच्या घरी व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर बांधत आहे. तो आता वाजू लागला आहे, परंतु एका अडचणीपाशी येऊन काम थांबले आहे. प्रत्येक चॅनेलला एकच ईएल३४ हा पॉवर व्हॉल्व्ह, तो ट्रायोड पद्धतीने जोडलेला, त्याच्या आधी ६एसएन७ हा छोटा व्हॉल्व्ह, आणि फीडबॅक (आउटपुटचा काही भाग मागे इनपुटकडे देण्याची सोय) अजिबात नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ३.५ किलोओहम ते ८ ओहम अशा मापाचे, ईआय स्टॅम्पिंगचे (ई आणि आय आकाराच्या पत्र्यांच्या गाभ्याचे) आणि प्रत्येकी साधारण अडीच किलो वजनाचे आहेत. पॉवर ट्रान्सफॉर्मरही ईआय स्टॅम्पिंगचाच असून त्याचे वजन ४ किलोच्या वर जाते. चासीसाठी वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेटरकडून १.६ मिलिमीटर जाडीचा सीआरसी पोलादी पत्रा ४५ बाय ३० सेंटिमीटर मापात फोल्ड करून घेतला आणि त्यावर काळे पावडर कोटिंग करून घेतले.

मांडणी अशी आहे. मागच्या कडेला उजव्या कोपऱ्यात पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे. त्याच कडेला, त्याच्याच ओळीत, डाव्या कोपऱ्यात डाव्या चॅनेलचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आहे. उजव्या चॅनेलचा ट्रान्सफॉर्मर मागे मावत नव्हता, म्हणून तो चासीच्या मध्यावर, थोडा पुढे घेतला. चोक (वीजपुरवठ्यातील चढउतार गाळणारी कॉइल) चासीच्या खाली आहे. वाचनात सगळीकडे एकच नियम आला होता की आउटपुट ट्रान्सफॉर्मर पॉवर ट्रान्सफॉर्मरशी काटकोनात असावेत, त्यानुसार दोन्ही काटकोनात वळवूनच बसवले आहेत.

असे असूनही उजव्या स्पीकरमधून बारीक पण सतत घुणघुण येते. गोखले रस्त्यावरची वर्दळ रात्री ओसरली की ती खोलीत बसल्या जागी ऐकू येते, आणि तानपुरा सुरू झाला की त्याच्या खर्जाखाली हा दुसराच सूर चालू राहतो, त्यामुळे ऐकण्यात मन लागत नाही. व्हॉल्यूम पूर्ण बंद केला तरी ती तेवढीच राहते. स्विच दाबताक्षणी, व्हॉल्व्ह तापायच्या आधीच, ती सुरू होते. स्पीकरच्या टोकांवर मीटर लावला तर उजवीकडे ९ मिलिव्होल्ट आणि डावीकडे २ मिलिव्होल्ट दिसतात. दोन आउटपुट ट्रान्सफॉर्मरची अदलाबदल करून पाहिली, तरी घुणघुण त्या ट्रान्सफॉर्मरबरोबर गेली नाही, मधल्या जागेपाशीच राहिली.

आता प्रश्न असा की अर्थिंग पुन्हा करावे, खाली रबर घालावे, अंतर वाढवावे की टोरॉइडल (गोल कड्यासारख्या गाभ्याचा) पॉवर ट्रान्सफॉर्मर घ्यावा? पत्र्याला भोके पाडून झाली आहेत, त्यामुळे यापुढचे पाऊल विचारपूर्वक टाकायचे आहे.


जुना व्हॉल्व्ह, नेरुळ

आपण अदलाबदल करून पाहिली हे फार चांगले केले, कारण त्यामुळे दोष ट्रान्सफॉर्मरमध्ये नसून जागेत आहे हे सिद्ध झाले. अर्थिंगचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. ग्रिडवर येणारी किंवा अर्थिंगच्या वेड्यावाकड्या जोडणीतून येणारी घुणघुण व्हॉल्व्हमधून जाऊनच स्पीकरपर्यंत पोहोचते. थंड व्हॉल्व्हमधून काहीच जात नसल्यामुळे अशी घुणघुण स्विच दाबल्यावर लगेच येऊ शकत नाही, फिलामेंट तापल्यावर हळूहळू वर येते. फिल्टर अपुरा असेल तरी तेच घडते, शिवाय तेव्हा सूर १०० हर्ट्झचा असतो. आपली घुणघुण पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर पसरलेल्या चुंबकीय क्षेत्रातून थेट आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये उतरते आहे, म्हणून ती ५० हर्ट्झची आहे आणि म्हणूनच व्हॉल्यूमचा तिच्याशी संबंध नाही. फीडबॅक असता तर त्याने ती काही प्रमाणात दाबली असती. आपल्या रचनेत तो नाही, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर बसवण्यात राहिलेली कसर पूर्णपणे कानावर येते.

आता काटकोनाच्या नियमाविषयी सविस्तर लिहितो, कारण तो अर्धाच सांगितला जातो आणि त्यामुळे अनेकांची चासी वाया गेलेली मी पाहिली आहे.

बॉबिनच्या मधल्या पोकळीतून एक सरळ सळई आरपार घातली आहे अशी कल्पना करा. ती सळई ज्या दिशेने जाईल तो त्या ट्रान्सफॉर्मरचा अक्ष. पॉवर ट्रान्सफॉर्मरचे बाहेर निसटणारे क्षेत्र थोड्या अंतरावरून एखाद्या पट्टीचुंबकाच्या क्षेत्रासारखे असते, म्हणजे अक्षाच्या टोकांतून बाहेर पडून, बाजूने वळसा घालून दुसऱ्या टोकाला परतणारे. अक्षाच्या अगदी रेषेत हे क्षेत्र अक्षाच्या दिशेने असते. अक्षाच्या बरोबर बगलेला, म्हणजे मध्यापासून काटकोनात निघणाऱ्या रेषेवर, ते अक्षाला समांतर पण उलट दिशेने असते. या दोन्ही ठिकाणी काटकोनात वळवलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जवळजवळ काहीच पकडत नाही. आपला डावा ट्रान्सफॉर्मर पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या ओळीतच बसला आहे, त्यामुळे तो शांत आहे.

मधल्या तिरप्या जागेत मात्र क्षेत्र वळसा घेत असते, म्हणजे तेथे ते अक्षाच्या दिशेने नसून आडवे फिरलेले असते. अक्षापासून ४५ अंशांच्या तिरकस रेषेवर गणित मांडले तर काटकोनात वळवलेल्या वाइंडिंगमध्ये समांतर ठेवलेल्या वाइंडिंगच्या ३ पट घुणघुण उतरते. म्हणजे आपल्या उजव्या ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत काटकोनाचा नियम पाळल्यामुळेच त्रास वाढला असण्याची दाट शक्यता आहे. त्या जागी तो समांतर ठेवला असता तर ही घुणघुण पुष्कळ कमी झाली असती, आणि दोन्ही अक्ष समांतर ठेवून दोन्ही मध्यांना जोडणारी रेषा पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या अक्षाशी ५५ अंशांच्या किंचित आत आणली असती तर ती जवळपास नाहीशी झाली असती. हा कोन जुन्या रेडिओकारांना चांगला ठाऊक होता. १९२० च्या दशकात हेझेल्टाइन यांनी न्यूट्रोडाइन रेडिओ काढला, त्यात तीन कॉइल एका ओळीत, एकमेकींना समांतर आणि त्या ओळीशी याच कोनात तिरप्या बसवलेल्या असत, जेणेकरून एकीचे क्षेत्र दुसरीत उतरू नये. जुन्या न्यूट्रोडाइनचे झाकण उघडले की त्या कलत्या कॉइल पाहून प्रथम वाटते की कोणीतरी त्या वाकवून ठेवल्या आहेत.

याहून सोपा मार्ग असा की पॉवर ट्रान्सफॉर्मरचा अक्ष आडवा ठेवावा आणि दोन्ही आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे अक्ष उभे ठेवावेत, म्हणजे सळई छताकडे जाईल असे. सगळ्यांचे मध्य एकाच उंचीवर असतील तर पॉवर ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र त्या पातळीत कुठेही आडवेच राहते, उभ्या वाइंडिंगला त्याचा स्पर्श होत नाही, आणि मग ओळीत की तिरपे हा प्रश्नच उरत नाही. आपल्यासारख्या अडचणीच्या मांडणीत मी हेच करीन.

परंतु हे सारे हवेतले गणित झाले. आपली चासी पोलादी आहे, आणि पोलाद चुंबकीय क्षेत्राला हात धरून नेते. म्हणून कागदावर ठरवलेल्या जागेवर विसंबू नये. पुढचे भोक पाडण्यापूर्वी कानाने आणि मीटरने जागा शोधावी. त्यासाठी तिन्ही ट्रान्सफॉर्मर चासीवरून उतरवून एका लाकडी फळीवर मांडा. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या फक्त प्रायमरीला (वीज आत घेणाऱ्या वाइंडिंगला) २३० व्होल्ट द्या, सेकंडरीची (वीज बाहेर देणाऱ्या वाइंडिंगांची) सगळी टोके वेगवेगळी झाका, मेन्सच्या टोकांवर आच्छादन घाला आणि ही जोडणी ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागेच (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागेच) करा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर कशालाही जोडलेला नसावा. त्याच्या सेकंडरीला हेडफोन लावून तो फळीवर सरकवत आणि फिरवत जा. घुणघुण वाढते, कमी होते आणि एका जागी जवळजवळ विझते, हे इतके स्पष्ट ऐकू येते की एकदा ऐकल्यावर पुन्हा सांगावे लागत नाही. मीटरने मोजायचे असेल आणि मिलिव्होल्टचे आकडे स्थिर राहत नसतील, तर प्रायमरीवर मोजा. ३.५ किलोओहम आणि ८ ओहमच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये फेऱ्यांचे गुणोत्तर २१ च्या आसपास येते, तितक्या पटीने आकडा मोठा दिसतो.

अंतराविषयी आपण विचारले आहे. क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर दुप्पट केले तर घुणघुण आठव्या हिश्शावर येते. म्हणून जागा असेल तेथे दोन-तीन सेंटिमीटरचाही लोभ धरावा.


ऐरोलीचा शेजारी

काकांनी मूळ मुद्दा सांगितलाच आहे. मी फक्त रबर आणि टोरॉइडविषयी लिहितो, कारण या दोन्हींवर मी खर्च करून बसलो आहे.

रबराने थांबते ती ट्रान्सफॉर्मरची स्वतःची थरथर, म्हणजे कान ट्रान्सफॉर्मरजवळ नेल्यावर येणारा आवाज. स्पीकरमधून येणाऱ्या घुणघुणीला रबराचा काडीमात्र उपयोग नाही. उलट रबरावर बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरचे स्टॅम्पिंग चासीपासून विद्युतदृष्ट्या सुटे पडते, त्यामुळे रबर वापरलेच तर स्टॅम्पिंगच्या बोल्टपासून चासीच्या अर्थपर्यंत वेगळी तार न्यावीच लागते.

टोरॉइड बाहेर कमी क्षेत्र सोडतो हे खरे आहे, परंतु त्याला धरणारा मधला बोल्ट खालच्या चासीला आणि वरच्या झाकणाला असा दोन्हीकडे धातूने जोडला गेला, तर तो बोल्ट आणि चासी मिळून एक बंद फेरा तयार होतो. तो शॉर्ट झालेल्या वाइंडिंगप्रमाणे वागतो. माझ्या पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वरची कव्हर-पट्टी बोल्टच्या डोक्याला टेकली होती, आणि फ्यूज का जातो हे शोधण्यात माझी एक अख्खी सुट्टी गेली.


तांब्याची तार, रबाळे

मी ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगचे काम करतो. वरील चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती सिंगल-एंडेड ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे, म्हणून लिहितो.

पॉवर ट्रान्सफॉर्मरचे स्टॅम्पिंग एक इकडून आणि एक तिकडून असे एकमेकांत गुंफून भरलेले असते. सिंगल-एंडेड आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये सगळ्या ई एका बाजूने आणि सगळ्या आय दुसऱ्या बाजूने येतात आणि त्यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालून गॅप ठेवलेला असतो. ईएल३४चा डीसी प्रवाह प्रायमरीतून सतत एकाच दिशेने वाहतो आणि गॅप नसेल तर गाभा त्यानेच भरून जातो, म्हणून ही सोय. पुश-पुलमध्ये (दोन व्हॉल्व्ह उलटसुलट जोडून काम करतात त्या रचनेत) दोन बाजूंचे प्रवाह एकमेकांना काटतात, त्यामुळे तेथे स्टॅम्पिंग गुंफून भरता येते. ही कागदी पट्टी मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाची असते आणि तिला जागेवर धरून ठेवण्याचे काम क्लॅम्प आणि बोल्टच करतात.

आता लोक काय करतात, तर ट्रान्सफॉर्मर उभा होता तो आडवा करायचा म्हणून किंवा बोल्ट तोकडे पडतात म्हणून चारही बोल्ट एकदम काढतात. आय बाजूला सरकतात, कागद निसटतो किंवा दुमडतो, आणि परत आवळल्यावर गॅप पूर्वीचा राहत नाही. गॅप वाढला तर इंडक्टन्स घटतो आणि खर्ज पातळ होतो. गॅप मिटला तर डीसीने गाभा भरतो आणि खर्जाचे सूर फाटतात. मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ असाच ट्रान्सफॉर्मर घेऊन आले होते. कागदाची एक कड बाहेर आली होती आणि दोन चॅनेलचा खर्ज जुळत नव्हता. बोल्ट बदलायचेच असतील तर ट्रान्सफॉर्मर बाकावर पक्का धरून एकेक काढावा, नवा घालावा, आवळावा आणि मगच दुसऱ्याला हात लावावा. काकांच्या सूचनेप्रमाणे अक्ष उभा करायचा असेल तर क्लॅम्पची रचना न मोडता, आहे त्या क्लॅम्पला बाहेरून वेगळे अ‍ॅल्युमिनियमचे अँगल लावावेत.

स्टॅम्पिंगमधले भोक ड्रिलने मोठे करू नये. ड्रिलची धार पत्र्यांच्या कडा एकमेकींवर घासून चिकटवते, त्यांच्यामधला इन्सुलेशनचा थर तेथे नाहीसा होतो आणि गाभ्यात भोवरा-प्रवाह वाढतो. याच कारणासाठी आम्ही बोल्टवर फायबरची नळी आणि दोन्ही टोकांना फायबरचे वॉशर घालतो.

तारांविषयी. प्रायमरीच्या प्लेटकडच्या टोकावर संगीत चालू असताना पुरवठ्याच्या जवळपास दुप्पट व्होल्टेज उसळते. पुरवठा ३५० व्होल्ट असेल तर ती तार ७०० व्होल्टला तोंड देते. चासीच्या भोकाची कड कानशीने मोडून, त्यात रबरी ग्रोमेट बसवून, तारेवर फायबरग्लासची स्लीव्ह चढवूनच ती आत घ्यावी. चासी पावडर कोटिंगची आहे म्हणून ग्रोमेट टाळू नये. त्याखालची धार तशीच असते.

शेवटी आपल्या हवेविषयी. खाडीकाठच्या दमट हवेत स्टॅम्पिंगच्या कापलेल्या कडांना एकाच पावसाळ्यात तांबूस गंज चढतो. व्हार्निश केलेला ट्रान्सफॉर्मर घेतला असेल तरी कडांवर एकदा हात फिरवून पाहा, कोरडा भाग लागला तर त्यावर इन्सुलेटिंग व्हार्निशचा पातळ हात द्या. ट्रान्सफॉर्मर बरेच महिने उघडा पडून असेल तर व्हार्निशपूर्वी बल्बच्या पेटीत रात्रभर कोमट ठेवून त्यातली ओल घालवावी.


सानपाड्याची अभियंता

पोलादी चासीबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण ती बदलायची की नाही हा निर्णय खर्चाचा आहे आणि तो आपल्याला घ्यावाच लागणार आहे.

पॉवर ट्रान्सफॉर्मरचे स्टॅम्पिंग पोलादी पत्र्याला जेथे थेट टेकते तेथून त्याच्या बाहेर निसटणाऱ्या क्षेत्राचा काही भाग पत्र्यात शिरतो आणि पत्र्यातूनच आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्टॅम्पिंगपर्यंत पोहोचतो. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा अचुंबकीय असल्यामुळे हे वहन थांबते. येथे एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. अ‍ॅल्युमिनियम क्षेत्राला अडवत नाही. ५० हर्ट्झला अ‍ॅल्युमिनियममध्ये क्षेत्र साधारण १२ मिलिमीटर आतपर्यंत शिरते, तेव्हा २-३ मिलिमीटरच्या पत्र्याची आड भिंत उभी करून फारसे काही साध्य होणार नाही. अ‍ॅल्युमिनियमचा उपयोग एवढाच की तो क्षेत्राला वाट करून देत नाही.

संपूर्ण चासी टाकून देण्याची गरज मला दिसत नाही. वरच्या पत्र्यात तिन्ही ट्रान्सफॉर्मर येतील एवढी आयताकृती खिडकी कापून घ्या आणि तिच्यावर ३ मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट बसवा. वजनाचा हिशेब केला तर तिघे मिळून ९ किलोच्या वर जातात, तेव्हा खिडकी कापल्यावर उरलेल्या १.६ मिलिमीटरच्या चौकटीला खालून अँगलचा आधार द्यायलाच हवा. नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर उचलताना पत्रा कमानीसारखा वाकतो आणि त्याचा ताण व्हॉल्व्हच्या सॉकेटवर येतो. ट्रान्सफॉर्मरच्या पायांसाठी गोल भोकांऐवजी लांबट खाचा पाडून घ्या, म्हणजे शेवटी दोन-चार अंश फिरवायला वाव राहतो.

अर्थिंगविषयी एक कळकळीची विनंती आहे. पावडर कोटिंग आणि अ‍ॅनोडाइझ केलेले अ‍ॅल्युमिनियम या दोन्हींतून वीज वाहत नाही. प्लेट चौकटीवर बसवली म्हणजे ती अर्थ झाली असे समजू नका. मेन्सच्या अर्थची तार जेथे येते तेथला रंग धातू चमकेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, नट स्वतंत्र ठेवा (ट्रान्सफॉर्मरच्या पायाचा नट यासाठी वापरू नका), आणि प्लेटपासून मेन्सच्या अर्थपर्यंतचा रोध ओहममीटरने मोजा. तो अर्ध्या ओहमच्याही बराच खाली असला पाहिजे. फळीवरून ट्रान्सफॉर्मर परत बसवताना फिल्टर कपॅसिटरमधला चार्ज शिल्लक असू शकतो. २२० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर १०० किलोओहमचा ब्लीडर (चार्ज रिकामा करणारा रेझिस्टर) असेल तर तो पुरेसा रिकामा होण्यास जवळपास २ मिनिटे लागतात. ब्लीडर नसेल तर तो याच वेळी बसवून टाका आणि हात घालण्यापूर्वी दर वेळी मीटरने खात्री करा.


नौपाड्याचा श्रोता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रविवारी दुपारी तिन्ही ट्रान्सफॉर्मर उतरवले आणि जेवणाच्या टेबलावर प्लायची फळी टाकून काकांनी सांगितल्याप्रमाणे मोजले. आकडे देतो, कारण पुढे कोणाला उपयोगी पडतील. सगळे आकडे आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवरचे आहेत.

चासीवर जी जागा होती तीच फळीवर मोजून खूण केली. तेथे काटकोनात ठेवलेल्या ट्रान्सफॉर्मरवर १२० मिलिव्होल्ट आले. तो तसाच, जागा न बदलता, ९० अंश फिरवून पॉवर ट्रान्सफॉर्मरला समांतर केला, तेव्हा ४५ मिलिव्होल्ट झाले. हे लिहून ठेवताना मी दोन वेळा मीटरची टोके तपासली, कारण इतके दिवस मी नेमके उलटे मानून चाललो होतो. नंतर समांतर ठेवूनच तो हळूहळू पुढे सरकवत गेलो. हेडफोनमधली घुणघुण उतरत उतरत एका जागी इतकी खाली गेली की पंखा बंद करून ऐकावे लागले. तेथे ६ मिलिव्होल्ट होते. बोटभर पुढे सरकवले की पुन्हा वाढते. शेवटी अक्ष उभा करून, खाली लाकडी ठोकळे घालून पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या मध्याइतकी उंची आणली, तेव्हा फळीवर कुठेही नेला तरी आकडा १५ च्या वर गेला नाही आणि मूळ जागी ४ राहिला.

मग तोच पोलादी पत्रा उलटा करून फळीच्या जागी खाली घातला आणि उभ्या अक्षाचा ट्रान्सफॉर्मर त्याच खुणेवर ठेवला. आकडा ४ वरून ३८ वर गेला. ताईंनी सांगितलेली गोष्ट डोळ्यांसमोर दिसली. खिडकी कापून अ‍ॅल्युमिनियमची प्लेट बसवण्याचे ठरवले आहे, आणि दादांच्या सूचनेप्रमाणे क्लॅम्पला हात न लावता बाहेरून अँगल लावणार आहे.

एक शंका उरते. ही सगळी मोजणी पॉवर ट्रान्सफॉर्मरवर भार नसताना झाली आहे. फिलामेंट आणि रेक्टिफायरचा भार आल्यावर ही शांत जागा सरकेल का? आणि चोकचे काय करावे?


जुना व्हॉल्व्ह, नेरुळ

शंका रास्त आहे. भार आल्यावर वाइंडिंगांच्या मधून निसटणारे क्षेत्र वाढते, आणि रेक्टिफायर कपॅसिटरला थेट भरत असेल तर प्रवाह झटक्यांनी वाहतो, त्यामुळे सुरात ५० हर्ट्झच्या वरची खरखरही मिसळते. शांत जागा थोडी सरकते, परंतु दुसऱ्या टोकाला जात नाही. म्हणूनच ताईंनी सुचवलेल्या लांबट खाचा आपल्याला अत्यावश्यक आहेत. प्लेट बसल्यावर पाय हाताने जेमतेम आवळा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला ८ ओहमचा १० वॉटचा रेझिस्टर जोडून अ‍ॅम्प्लिफायर नेहमीसारखा पूर्ण चालू करा, इनपुट शॉर्ट ठेवा, आणि रेझिस्टरवर मीटर लावून सेकंडरीचा आकडा वाचा. मग अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करा, ट्रान्सफॉर्मर एक-दोन अंश फिरवा आणि पुन्हा चालू करून वाचा. चालू असताना हाताने फिरवण्याचा मोह टाळा, कारण त्याच्या प्रायमरीवर तेव्हा पूर्ण पुरवठा असतो. असे चार-पाच फेरे करावे लागतील. आकडा १ मिलिव्होल्टच्या खाली गेला की बहुतेक स्पीकरांवर तो ऐकू येत नाही.

चोक पहिल्या कपॅसिटरच्या नंतर असेल तर त्याच्यावरचा एसी थोडाच असतो, खाली आहे तेथे राहू द्या. फक्त तो आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या बरोबर खाली येणार नाही एवढे पाहा. तेथे आला तर १०० हर्ट्झचा सूर उतरेल आणि तो पॉवर ट्रान्सफॉर्मर फिरवून जाणार नाही.

उजव्या ट्रान्सफॉर्मरचा आकडा मनासारखा आला की डावा पुन्हा मोजा, मगच नायलॉक नट घालून दोन्हींचे पाय आवळा.